अकरा वाजून एक्केचाळीस

ग्लेंडेलच्या चर्चचं तळघर. रविवारी इथे लग्नाच्या पंगती उठतात.
आज सहा टेबलं, सहा पेन्सिली,
आणि दारावर माझ्या हातचा कागद :
स्मरणशक्तीची तपासणी. मोफत. कॉफी आहे.

बरेचसे कॉफीमुळेच आले.
खोरेन दारातूनच म्हणाला, माझं डोकं शाबूत आहे,
हिचं बघा.
सिरवार्द म्हणाली, याचंच बघा,
गेल्या महिन्यात लवाश आणायला गाडी काढली,
संध्याकाळी बरबँकला सापडला. लवाशशिवाय.
दोघं खूप हसली.
मग ती आधी थांबली.

प्रश्न इंग्रजीतून आलेले. ते आमच्या भाषेत आणायला
मला अख्खा हिवाळा लागला.
पाच शब्द सांगायचे, पाच मिनिटांनी परत मागायचे.
त्यात एक शब्द, अंडं.
येरेवानची बाई म्हणते द्झू, बैरूतची म्हणते हावगित,
आणि दोघी एकमेकींकडे अशा बघतात
जणू दुसरीचंच काहीतरी निसटलंय.
मी दोघींना गुण देते.
विद्यापीठातून विचारणा येते, असं का?
मी कळवते, दोन्हीकडे कोंबडीच घालते.

आमच्यात हा आजार कुणाला होत नाही.
आमच्यात फक्त वय होतं.
नातीचं लग्न जमेपर्यंत आजोबा 'जरा दमलेले' असतात,
सात-सात वर्षं दमलेले,
आतल्या खोलीत, टीव्हीचा आवाज मोठा करून.
झाकली मूठ.
आणि शोधनिबंधांत आम्ही 'इतर' या रकान्यात,
तिथेही झाकलेलेच.

गारेगिन मास्तरांना मी म्हटलं, एक घड्याळ काढा.
आकडे भरा. काटे लावा, अकरा वाजून दहा.
त्यांनी वर्तुळ असं काढलं, कंपासनं काढावं तसं.
आकडे जागच्या जागी.
काटे लावले अकरा एक्केचाळीसवर.
मी पुन्हा सांगितलं, दहा.
त्यांनी खोडलं, कागदावर फुंकर मारली,
आणि पुन्हा अकरा एक्केचाळीस.
मग खाली बारीक अक्षरात : ग्युमरी. सात डिसेंबर.
शाळेचा तिसरा मजला. हजेरी घेऊन झाली होती.

नियमपुस्तिका म्हणते, काटे चुकले, शून्य.
ते विसरले होते का विसरू शकत नव्हते,
यासाठी पुस्तिकेत रकाना नाही.
समासात एक इंच जागा होती. तेवढ्यात मावेल तेवढं लिहिलं.

अझनिव आजींना विचारायचं होतं ते सगळ्यात अवघड.
मी कॉफी संपेपर्यंत थांबले.
तुमच्यानंतर... तुमचा मेंदू... अभ्यासाला...
त्यांनी कप बशीवर पालथा घातला.
माझ्या आजीला कबर नाही, पोरी, म्हणाल्या.
वाळवंटात कुठे राहिली, कुणाला ठाऊक.
मी पै-पै साठवून जागा घेतली, दगड कोरून ठेवला,
आणि तू सांगतेस, त्यात अर्धवट जा?

मी फाइल मिटली.
त्यांनी कप उलटला. गाळाच्या वळ्या, दऱ्या,
मधून गेलेली एक पांढरी रेघ.
तपासणीच्या फिल्मवर मी रोज बघते तेच सगळं.
हा रस्ता, त्या म्हणाल्या. कुठे जातो ते दिसत नाही.
मलाही, मी म्हटलं.

मंगळवारी रात्री फोन. नमस्कार नाही, काही नाही.
लिही माझं नाव. पण बरणीवर नुसता नंबर नको.
नाव हवं, आणि आपल्या अक्षरांत.
अडतीस आहेत, एकही गाळू नकोस.

खोरेनचं राहिलंच.
पाच मिनिटांनी मी शब्द मागितले.
तो छताकडे बघत राहिला, मग पेन्सिलीकडे,
मग माझ्याकडे, खूप सभ्यपणे,
पाहुण्याकडे बघावं तसा.
सोबतच्या माणसानं बाहेर थांबायचं असतं.
सिरवार्द त्याच्या खुर्चीमागे उभी,
आवाज न करता ओठ हलवत,
पाचही शब्द, बरोबर क्रमानं,
आणि पुन्हा पहिल्यापासून.
मी तिला बाहेर जा म्हटलं नाही.

जाताना तिनं विचारलं,
पुढचा शनिवार आहे ना?
त्याला नको सांगू. मला शिकायचंय.